गोधडीचा वाकडा टाका

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सांजेला दत्तजन्माचा गजर होतो, फुलं उधळली जातात आणि पाळण्याची दोरी हातात येते. पाळण्यात महाराजांच्या बालरूपाखाली आपण काय अंथरतो? कुठे मखमल असते, कुठे रेशीम. पण आपल्याकडे, म्हणजे चाकणजवळच्या या महाळुंग्यात आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर, तान्ह्या बाळाला अजून पुष्कळ घरांत दुपटंच लागतं. आजीच्या लुगड्याचं, आजोबांच्या धोतराचं, हातानं टाके घातलेलं. नवं कापड बाळाला टोचतं, वापरून धुऊन जुनं झालेलं मऊ लागतं, हे त्यामागचं साधं कारण. यंदाच्या उत्सव-अंकासाठी चार शब्द लिहायला सांगितलं, तेव्हा मनात आली ती ही गोधडी, आणि गोधडी शिवताना होणारी चूक.

देवाधर्माच्या अंकात गोधडी कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्या परंपरेला ती परकी नाही. नाथपंथी जोगी अंगावर घेतात ती कंथा म्हणजे चिंध्या जोडून शिवलेलं वस्त्रच, आणि नाथपंथ दत्तात्रेयांना गुरुस्थानी मानतो. गाडगेबाबांना तर लोक गोधडेबुवाच म्हणायचे. अंगावर ठिगळं आणि हातात खराटा. तेव्हा गोधडीकडून दोन गोष्टी शिकायला हरकत नसावी.

ज्या माऊलींनी गोधडी शिवली आहे त्यांना सांगायला नको, पण पुरुषमंडळींसाठी सांगतो. आधी एक जुनं लुगडं जमिनीवर ताणून अंथरायचं. त्यावर सदरे, धोतरं, पोरांचे आखूड झालेले कपडे, बटणं-काज काढून, सपाट लावायचे. वर पुन्हा एक लुगडं. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके. मग काठापासून सुरुवात करून धावदोरा घालत घालत, ओळीशेजारी ओळ, आत आत मध्यापर्यंत यायचं. एक हात वर सुईवर, दुसरा खाली अस्तर चाचपत. एक मोठी गोधडी म्हणजे हजारो टाके. आता मला सांगा, हजारो टाक्यांत एकही वाकडा पडणार नाही, असं होईल का?

होत नाही. आणि ज्या बाईनं दहा-वीस गोधड्या शिवल्या तिला हे ठाऊक असतं. म्हणून ती चूक दिसली की लगेच घाबरत नाही आणि लगेच उसवतही नाही. ती आधी हात फिरवून बघते. आतला थर सरकून गोळा झाला असेल तर तो निजणाऱ्याच्या पाठीला रुतेल, म्हणून तेवढी ओळ उसवते. टाका फार लांब पडला असेल तर रात्री पोराच्या पायाचं बोट त्यात अडकेल, म्हणून तोही काढते. दोरा जास्त ओढला गेला तर चुण्या पडतात आणि त्या जागी कापड लवकर विरतं, म्हणून तिथं सैल करते. पण ओळ नुसती वाकडी गेली असेल, हिरव्याच्या जागी लाल दोरा आला असेल, एखादं ठिगळ तिरकं बसलं असेल, तर ती म्हणते, "राहू दे. पांघरणाराला काय त्याचं!"

ह्या एका वाक्यात अर्धं अध्यात्म आहे असं मला वाटतं. चूक कुणाला रुतते आहे, हे तिनं पाहिलं. दुसऱ्याच्या पाठीला रुतणार असेल तर उसवायची. फक्त आपल्या डोळ्याला, म्हणजे आपल्या अभिमानाला रुतत असेल तर राहू द्यायची. आपण नेमकं उलटं करतो. अभिमानाला लागलेली लहानशी गोष्ट रात्र-रात्र उसवत बसतो, आणि घरातल्या माणसाच्या पाठीखाली वर्षानुवर्षं रुतणारा गोळा तसाच ठेवतो.

मागे एका दत्तजयंतीच्या आधी मंदिराच्या सभामंडपात बायका पाळण्यासाठी दुपटं शिवायला बसल्या होत्या. घराघरांतून एकेक जुनी साडी आली होती. त्यांत एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. दृष्टी अधू, पण हात चालू. त्यांच्या बाजूच्या दोन-तीन ओळी वाकड्या गेल्या. आजी घरी गेल्यावर दोघी सुनांनी विचार केला, देवाच्या पाळण्यात असं कसं ठेवायचं? आजींना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी त्या ओळी गुपचूप उसवून सरळ घातल्या. हेतू चांगलाच होता.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या, दुपटं मांडीवर घेतलं आणि सवयीनं हात फिरवला. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटांना कळलं. जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वाकडं गेलं होतं व्हय गं? मग मला सांगायचं. मीच उसवलं असतं."

सुना गप्प. त्यांतली धाकटी पुढे सरकली आणि म्हणाली, "आजी, चुकलं आमचं. तुम्हाला विचारायला हवं होतं." आजींनी दुपटं तिच्यापुढे सरकवलं आणि बोटानं एक जागा दाखवली. "हितं बघ. घाईत गाठ वर राहिलीय. बाळाच्या गालाला लागंल." धाकटीनं ती गाठ काढून दोन थरांच्या मध्ये लपवली आणि दोघी पुढची ओळ घालायला लागल्या. बस्स, एवढंच झालं. मी खांबाशी बसून पोथी चाळत होतो, पण त्या दिवशी वाचनापेक्षा ते ऐकणंच जास्त लक्षात राहिलं.

आपल्या मराठीत एक शब्दप्रयोग आहे, चुकीवर पांघरूण घालणं. मुलानं काही केलं, आई पांघरूण घालते. भावानं व्यवहारात गडबड केली, घराच्या अब्रूसाठी आपण पांघरूण घालतो. त्यात माया असते हे खरं. पण पांघरुणाखाली झाकलेली चूक सुधारते का? ती तिथंच राहते. आजींचं म्हणणं एवढंच होतं की माझ्यापासून माझी चूक लपवू नका, मला ती सुधारायचा हक्क आहे. वयस्कर माणसांच्या बाबतीत हे फार होतं. घरातले त्यांना सांगतच नाहीत. "जाऊ दे, म्हातारं माणूस आहे." ऐकायला हे दयेचं वाटतं, पण त्यात एक प्रकारे त्या माणसाला हिशेबातून वगळलेलं असतं.

मी स्वतः या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात बरीच वर्षं काढली. इथल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी शिफ्टला जातं, त्यामुळे हे तुम्हाला लगेच कळेल. चुकीचा जॉब निघाला तर तो लाल पेटीत टाकायचा आणि सांगायचं, हा आमच्या तिकडचा नियम होता. चूक झाली यापेक्षा ती लपवून चांगल्या मालात सरकवली, हा गुन्हा मोठा. कारण सुरुवातीला सापडलेली चूक पाच मिनिटांत निस्तरते, आणि तीच गाडीत बसून रस्त्यावर गेली की कुणाच्या तरी जिवाशी येते.

कारखान्यांत 'पोका-योके' हा जपानी शब्द आपल्या पोरांच्या तोंडी असतो. चूक होऊच नये अशी आधीच केलेली योजना, असा त्याचा अर्थ. शिगेओ शिंगो नावाच्या जपानी इंजिनिअरनं ही पद्धत मांडली. गंमत अशी की आधी तिचं नाव 'बाका-योके' होतं, आणि 'बाका' म्हणजे मूर्ख. त्यात कामगाराचा अपमान होतो हे ध्यानात आल्यावर नाव बदललं. 'पोका' म्हणजे अनवधानानं घडलेली चूक. माणूस मूर्ख नाही, त्याच्या हातून चूक झाली, एवढंच. यंत्रांच्या गावात ज्यांना हे कळलं, त्यांनी घरी आल्यावर बायको-मुलांशी बोलताना ते का विसरावं?

आता संतांकडे वळू. नाथमहाराजांची ती कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. एकनाथ देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. जनार्दनस्वामी थोर दत्तभक्त. एकदा हिशेबात एका पैची चूक लागत होती. एकनाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या तपासत बसले, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. त्या टाळीनं स्वामी तिथं आले. कारण कळल्यावर त्यांनी जे सांगितलं त्याचा भाव असा की, एका पैची चूक सापडली तर तुला एवढा आनंद, मग या संसाराच्या हिशेबात झालेली मोठी चूक सापडली तर केवढा आनंद होईल!

या कथेचा शेवट आपण नेहमी सांगतो, पण मला त्यातली टाळी महत्त्वाची वाटते. चूक सापडली म्हणून एकनाथांनी टाळी वाजवली! आपल्याला आपली चूक सापडली की आपण काय करतो? तोंड पाडतो, नाहीतर दुसऱ्याचं नाव घेतो. ज्याला हिशेब खरा हवा आहे, त्यालाच चूक सापडल्याचा आनंद होतो. ज्याला फक्त आपली वही स्वच्छ दिसायला हवी आहे, त्याला तो आनंद कधी मिळत नाही.

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूताचा संवाद आहे. त्या अवधूताला परंपरा दत्तात्रेयच मानते. त्यानं आपले चोवीस गुरू सांगितले. नाथमहाराजांनी याच स्कंधावर मराठीत विस्तारानं टीका लिहिली. ते चोवीस गुरू एकदा नीट मोजून पाहा. पृथ्वी, पाणी, सूर्य असे थोर गुरू आहेतच. पण पतंग? तो दिव्यावर झेप घेऊन जळाला. मासा जिभेच्या लोभानं गळाला लागला. हरीण गाण्याला भुललं, हत्ती हत्तिणीच्या मोहानं खड्ड्यात पडला. कबुतर पिलांच्या मायेनं जाळ्यात शिरलं. ह्या सगळ्यांनी चूकच केली. आणि अवधूतानं त्यांना हसण्याऐवजी गुरू म्हटलं! चुकलेल्याला गुरूच्या आसनावर बसवणारी आपली परंपरा आहे. मग आपल्याच घरातल्या चुकलेल्या माणसाला आपण बसायला पाटही देऊ नये, हे कसं?

आणि त्या चोवीसांत एक पिंगला आहे. विदेह नगरीतली ती वारांगना. एका रात्री गिऱ्हाइकाची वाट पाहत दारात ताटकळली. आत जावं, बाहेर यावं, मध्यरात्र झाली. कुणी आलं नाही. तेव्हा तिला कळलं की आपण आयुष्यभर चुकीच्या दारात उभ्या होतो. पतंगाला किंवा माशाला आपली चूक उमगली असं काही सांगितलेलं नाही. ती आपण त्यांच्याकडे पाहून ओळखायची. पिंगलेनं स्वतःची चूक स्वतः पाहिली, ईश्वराला शरण गेली, आणि मग तिनं काय केलं? भागवत सांगतं की ती सुखानं झोपली. चूक मान्य केल्याचं पहिलं फळ म्हणजे झोप. वय झाल्यावर झोप का येत नाही याची कारणं डॉक्टर सांगतील, औषधं घ्यावीत. पण एखादं कारण असंही असतं की जे गोळीनं जात नाही.

इथं एक सावधगिरीही सांगायला हवी. अमेरिकेत आमिश नावाचा साधेपणानं राहणारा ख्रिस्ती समाज आहे. त्यांच्या बायका सुंदर गोधड्या शिवतात. त्यांच्याविषयी एक गोष्ट पसरली आहे की त्या प्रत्येक गोधडीत एक चूक मुद्दाम ठेवतात, कारण निर्दोष फक्त देव. ऐकायला गोड वाटतं, पण गोधड्यांचा इतिहास शोधणाऱ्यांनी ही दंतकथाच ठरवली आहे. मला त्यांचं पटतं. जो मुद्दाम एक चूक ठेवतो, त्याला बाकीचं सगळं आपलं निर्दोष आहे असं वाटत असणार! नम्रपणा असा ठरवून शिवता येत नाही. मन लावून, सरळ घालायचा प्रयत्न करूनही जो टाका वाकडा जातो, तोच आपल्याला नम्र करतो. तेव्हा "चुका होतातच" म्हणून निष्काळजी होऊ नये. प्रयत्न सरळ टाक्याचाच हवा.

दत्तमहाराज कुणाच्या पोटी आले? अनसूयेच्या. या नावाचा अर्थ आपण किती वेळा मनात आणतो? दुसऱ्याच्या गुणांतही दोष शोधायचा, याला असूया म्हणतात. ती जिच्यात नाही ती अनसूया. तिची परीक्षा घ्यायला ब्रह्मा, विष्णू, महेश आले आणि विपरीत मागणी करून बसले. खरं तर चूक त्या तिघांची होती. माऊलीनं शाप दिला नाही, वाद घातला नाही. त्यांना बाळं केलं आणि पोटाशी धरलं. चुकून आलेल्यालाही लेकरू करून घेणारी ती आई. अशा घरी दत्त जन्माला येतात. जिथं सकाळ-संध्याकाळ एकमेकांचे टाके मोजले जातात, त्या घरात पारायणं कितीही झाली तरी पाळणा रिकामाच राहील, अशी मला भीती वाटते.

आता जरा अवघड विषयावर येतो. आपल्या पट्ट्यात जमिनी गेल्या, मोबदला आला, कुणाचं भलं झालं, कुणाचा पैसा आला तसा गेला. एका घरातलं सांगतो. नावाला महत्त्व नाही. मुलानं कंपन्यांच्या भाड्यासाठी गाड्या घ्यायच्या ठरवल्या. कर्ज काढलं, वडिलांनी जामीन म्हणून सही केली. धंदा बसला. हप्ते फेडायला उरलेल्या जमिनीतले काही गुंठे विकावे लागले. तेव्हापासून वडील मुलाशी बोलेनात. एकाच छपराखाली राहून सहा वर्षं जेवणाची वेळ वेगळी. माणूस धार्मिक. दर वर्षी सप्ताहाला बसणारा. पण कुणी विषय काढला की एकच, "पोरानं घालवलं."

एका वर्षी पारायणाच्या काळात त्यांनी मला विचारलं, "मन लागत नाही, काय करू?" मी काय सांगणार? एवढंच म्हणालो की कागदावर सह्या किती होत्या ते आठवा. ते रागावले, उठून गेले. पण समाप्तीच्या दिवशी प्रसादाच्या पंगतीत मुलाच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "सही माझी पण होती. मी तुला एकट्यालाच बोल लावत राहिलो." मुलगा काही बोलला नाही. जेवण झाल्यावर त्यानं वडिलांचं ताट उचललं. विकलेले गुंठे परत आले नाहीत, हप्तेही तेव्हा संपलेले नव्हते. पण घरात जेवणाची वेळ एक झाली.

ह्याला मी उसवणं म्हणतो. आणि उसवण्याचीही एक रीत आहे, तीही माऊलींना विचारा. जुनं कापड आणि पक्का दोरा. रागानं ओढला तर दोऱ्याबरोबर कापडही फाटतं. म्हणून मागच्या बाजूनं, चार-चार टाके कापत, हलक्या हातानं दोरा काढायचा. चौघांत, सणासुदीला, सुनेच्या माहेरच्यांसमोर जुन्या चुका काढणं म्हणजे दोरा ओढणं. एकांतात, एका वेळी एकच गोष्ट, आणि आधी आपल्या बाजूची, हे झालं हलक्या हातानं उसवणं. उसवल्यावर सुईची भोकं काही दिवस दिसतात. पण दोन-चार धुण्यांत सुती कापडाची भोकं बुजतात. माफी मागितली की लगेच सगळं पूर्वीसारखं व्हावं, असा हट्ट धरू नये. धुण्याला वेळ द्यावा.

काही चुका मात्र उसवता येत नाहीत. ज्याच्याशी भांडलो तो भाऊ आता नाही. मुलीला शिकवायचं राहिलं, आता ती स्वतः आजी झाली. अशा जागी कापडच फाटलेलं असतं. तिथं ठिगळ लावायचं. भाऊ नाही, पण त्याची पोरं आहेत. मुलीचं राहिलं, नातीचं राहू देऊ नये. ठिगळ दिसतं, लपत नाही, रंग जुळत नाही. पण तेवढ्या जागेतून थंडी आत येत नाही.

आपल्या पूजेचा शेवट कशानं होतो? क्षमाप्रार्थनेनं. पूजेत काही ना काही राहणारच, हे पूजा बांधणाऱ्यांनी आधीच धरलं होतं. टेंबेस्वामींची करुणात्रिपदी आपण दत्तमंदिरांत नित्य म्हणतो. तिच्यात भक्त आपला अपराध कबूल करून गुरूंची करुणा मागतो. देवापुढे आपण रोज अपराधी होतो आणि त्यात आपल्याला लाज वाटत नाही. पण मंदिराच्या पायऱ्या उतरून घरी आलो की सुनेपुढे, भावापुढे, शेजाऱ्यापुढे "माझं चुकलं" हे दोन शब्द जिभेवर येत नाहीत. देव समोर दिसत नाही म्हणून ते सोपं जातं का, याचा ज्यानं त्यानं विचार करावा.

म्हणून यंदाच्या सप्ताहासाठी एक छोटा नेम सुचवतो. सात दिवस पोथी वाचायचीच. त्याबरोबर रोज रात्री अंथरुणाला पाठ टेकताना मनातल्या मनात एकदा हात फिरवून बघायचा की माझा कुठला टाका कुणाच्या पाठीला रुततो आहे. सापडला तर एकनाथांसारखी मनात टाळी वाजवायची, आणि समाप्तीच्या आत त्या माणसाकडे जाऊन, हळू आवाजात, तेवढी एक ओळ उसवायची. समोरच्यानं लगेच ऐकलंच पाहिजे, अशी अट घालायची नाही. बाकी जे वाकडं-तिकडं आहे आणि कुणालाच टोचत नाही, ते महाराजांच्या पायाशी ठेवून निवांत निजायचं.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥